काचेवर धरलेले दोन कागद

४ फेब्रुवारी

चि. खारू,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी अडलो. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरला आहे का, ठाऊक नाही. लहानपणी दोन्ही गालांत काहीतरी कोंबून बोलायचीस म्हणून मीच हे नाव ठेवलं होतं. दुसरं काही लिहिलं तर ते कचेरीचं पत्र वाटेल, आणि कचेरीची पत्रं मी जन्मभर लिहिली. एक तुलाही लिहिलं होतं. तेव्हा खारूच राहू दे.

विशेष काही नाही. खोली रिकामी करायची आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी विभागाने ती जिन्यालगतची खोली माझ्याकडे राहू दिली होती. आता नवी प्रमुख आली आहे. तुझ्याहून दोनेक वर्षांनी धाकटी असेल. सगळे तिला मॅडम म्हणतात, मीही म्हणतो. ती म्हणाली, "सर, घाई काही नाही, पण मार्चअखेर." घाई नसण्याची ही नवी तऱ्हा दिसते.

रोज दहाला जातो आणि कपाटं उपसतो. उपसतो म्हणजे काय, एक कागद काढतो, वाचतो, खिडकीबाहेर बघतो, परत ठेवतो. खाली तो सायकलींचा पत्रा अजून आहे. फळ्याच्या कडेला तुझ्या अक्षरातला "पुसू नये" हा शेरा अजून आहे. तो कशाबद्दल होता ते मात्र कुणीतरी पुसलं. तुझी काकू म्हणते, "त्यातला एक जरी कागद घरी आला तर मी माहेरी जाईन." तिचं माहेर उरलेलं नाही, हे तिच्या लक्षात आणून द्यायचं धाडस मी केलं नाही.

जाता जाता एक विचारायचं होतं. आपल्या चौकडीबद्दल तू चार पानी टिपण लिहिलं होतंस, त्याची प्रत तुझ्याकडे आहे का? चौकडी म्हणजे काय हे तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण मला ते सांगताना अजून मजा वाटते, म्हणून ऐकून घे. खूप लांब एक तेजाचा ठिपका. त्याच्या आणि आपल्या मध्ये एक जाडजूड दीर्घिका. तिच्या वजनाने प्रकाश वाकतो, आणि जाड पेल्याच्या बुडातून एक दिवा पाहिल्यावर दिसावेत तसे एका ठिपक्याचे चार दिसतात. मूळ ठिपका लुकलुकला की चारही लुकलुकतात, पण एकदम नाही. ज्याची वाट लांबची त्याची लुकलुक उशिरा. तो उशीर मोजायचा, वाकवणाऱ्या वजनाचा आराखडा मांडायचा, आणि दोन्हींचा मेळ घातला की विश्व किती वेगाने फुगतंय तो आकडा हाती येतो. इतक्या मोठ्या गोष्टीची चावी एवढ्याशा लुकलुकीत! शाळेतल्या कवितांच्या पुस्तकात हे असायला हवं होतं.

तर मॅडमनी नव्या दुर्बिणीतून आपल्या चौकडीच्या डाव्या अंगाच्या धुरकट ठिपक्यांची अंतरं मोजून घेतली. तू नऊ ठिपके दाखवले होतेस. त्यातले सात एकाच अंतरावर निघाले, आणि अगदी आपल्या वाटेत. म्हणजे तो दीर्घिकांचा घोळकाच आहे, आणि त्याचंही वजन आराखड्यात धरायला हवं होतं. त्यांना आता सगळं पुन्हा मांडायचं आहे. मॅडमनी विचारलं, "सर, या घोळक्याची शंका तेव्हा कुणी काढली होती का?" मी म्हटलं, काढली असावी, बघून सांगतो.

टिपण सापडलं तर पाठव. उत्तराची घाई नाही. (माझ्या अर्थाने. मॅडमच्या नाही.)

तुझा
काका


२१ फेब्रुवारी

चि. खारू,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, पाठ झाल्या. "टिपण दिलं तेव्हा प्रत ठेवली नव्हती, कारण विश्वास होता. माफीपत्राचीही प्रत ठेवली नाही, ते वेगळ्या कारणाने. दोन्ही तुमच्याकडेच असतील. इथे हवा ठीक."

काकूने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हवामान खात्यातली मुलगी हवा ठीक म्हणते, म्हणजे ठीक असणार. बाकीचं ठीक आहे असं तिने कुठे म्हटलंय?" मग ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं, म्हणजे दाढी करताना मला ते दिसत राहावं.

टिपण माझ्याकडेच आहे. मागच्या पत्रात विचारलं तेव्हाही होतं. तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. शोधायला एक क्षणही लागला नसता. मी का विचारलं ते मलाच नीट कळत नाही. कदाचित तुझी प्रत हरवली आहे एवढंच ऐकायचं असेल.

आज ते परत वाचलं. पहिल्या पानाच्या डोक्यावर मी लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, "उशिरा आलं". सतरा सप्टेंबर. आराखडा आपण पंधराला गोठवला होता. आपली पद्धत तुझ्याइतकी कुणी मनापासून पाळली नसेल: ज्यांनी आराखडा मांडायचा, म्हणजे मी आणि तू, त्यांनी उशीर बघायचा नाही. ज्याने उशीर काढायचा, म्हणजे दाढीवाल्याने, त्याने आराखडा बघायचा नाही. त्याने उशिराचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, पाकिटात घातला, मोहोर लावली आणि पाकीट ग्रंथपाल बाईंकडे दिलं. आराखडा गोठला की सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं आणि जे येईल ते छापायचं. मनासारखा आकडा यावा म्हणून माणूस नकळत हात वळवतो. तो वळू नये म्हणून हा बंदोबस्त.

सतराची ती बैठक मी पुन्हा पुन्हा ऐकतो. तू टिपण टेबलावर ठेवलंस. दाढीवाला म्हणाला, "अहो, पाकीट अजून बंद आहे. घालू या की घोळका. कुणाला कळणारे?" मी म्हणालो, "गोठवलं म्हणजे गोठवलं. आज हिने घोळका आणला, उद्या तू झुंबर आणशील." सगळे हसले. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे बघून, अगदी हळू, घरातल्यासारखं विचारलंस, "काका, तुम्ही उशीर बघितलाय का?"

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी तरी विसरलो आहे असं म्हणणार नाही. "घरच्या पोरीने भरल्या बैठकीत चोर म्हणावं, एवढंच बघायचं राहिलं होतं." मग माझं ते कचेरीचं पत्र, लेखी माफी माग म्हणणारं, आणि तुझं माफीपत्र. मग तू लेखावरून नाव काढून घेतलंस, मग नोकरी सोडलीस.

ती बैठक पुढे दंतकथा झाली. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात: सख्ख्या पुतणीसाठीही सर वाकले नाहीत. माझ्या कामाचं कुणाला फारसं आठवत नाही, हीच गोष्ट आठवते. अठरा मार्चला निरोपाचं व्याख्यान ठेवलंय, तिथेही मॅडम तीच सांगणार आहेत.

तुला एक गंमत सांगतो. चौथीत आमच्या बाई फळ्यावर स्वतः रचलेल्या ओळी लिहीत आणि शेवटचा शब्द गाळत.

ढगाआडुनी डोकावुनिया ऊन म्हणाले, "आलो!"
काचेवरचा थेंब म्हणाला, "थांब जरा, मी..."

आम्ही चाळीस मुलं एका सुरात ओरडलो, "न्हालो!" बाई खडू टेकवून म्हणाल्या, "थेंबाला आंघोळ कोण घालणार रे?" आणि त्यांनी लिहिलं, "भ्यालो". आम्हाला कुणालाच तो शब्द सुचला नव्हता. यमक जुळलं की मन पुढे शोधत नाही. मी तुझ्या काकूला हे चाळीस वर्षं सांगतोय. स्वतःला एकदा सांगायला हवं होतं.

पाकीट मी उघडलं नव्हतं. हे शपथेवर सांगतो.

काका


५ मार्च

प्रिय खारू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं आहे. आणि ते मी खोटं बोलण्यासाठी लिहिलं होतं.

आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा शाळेत जाईन.

दुर्बिणीवरून आलेल्या तेजाच्या रोजच्या नोंदींची वही सगळ्यांसाठी उघडीच असायची. कुलूप आपल्या शब्दाचं होतं. सहा सप्टेंबरला, शनिवारी दुपारी, मी ती वही खोलीत आणली. सबब अशी, की ढगाळ रात्रींच्या नोंदी तपासाव्यात. मग म्हटलं, हाताने एक आलेख काढून बघू, तरुणपणी काढायचो तसा. पहिल्या प्रतिमेच्या तेजाचे चढउतार एका ट्रेसिंग पेपरवर काढले, तिसऱ्या प्रतिमेचे दुसऱ्यावर. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की मी बिंदू मांडतोय. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. ऊन मागून येत होतं. वरचा कागद बोटाने हळूहळू सरकवला. सरकवता सरकवता दोन्ही रेघांचे उंचवटे एकमेकांवर असे बसले की खालची रेघ दिसेनाशी झाली. कडेचे दिवस मोजले. एकतीस.

आराखडा मला पाठ होता. गुणाकार काचेपाशी उभ्या उभ्या झाला. त्र्याहत्तर.

तुला ठाऊक आहे, विश्वाच्या फुगण्याच्या आकड्यावरून तेव्हा काय भांडण चाललं होतं. एक पक्ष सदुसष्ट म्हणायचा, दुसरा त्र्याहत्तर. मी वीस वर्षं त्र्याहत्तरवाला. त्या दुपारी मला इतका आनंद झाला की मी दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात, सवयीने, तारीख घातली.

मी पाहिलं होतं.

अकरा दिवसांनी तू टिपण घेऊन आलीस. तू बोलत असतानाच मी मनात घोळक्याचं वजन धरलं. आकडा सत्तरावर येत होता. सत्तर म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. मी ज्याला शिस्त म्हणालो ती एवढीच होती. आणि तू प्रश्न विचारलास तेव्हा मी रागावलो नव्हतो, खारू. घाबरलो होतो. रागाचा आवाज तेवढा मोठा काढला.

पाकीट फुटलं तेव्हा चिठ्ठीवर एकतीस होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

ते कागद मी फाडले नाहीत. पत्र्याच्या नळीत घालून कपाटामागे ठेवले. का ठेवले? चांगुलपणाने नाही. आलेख सुंदर आला होता, म्हणून.

आता मॅडमना अठराच्या आत चौकडीचे सगळे मूळ कागद हवे आहेत. म्हणाल्या, "सर, त्या नळ्यासुद्धा." काल मी ती नळी काखोटीला मारून घरी आणली आणि न्हाणीघरात गेलो. बादलीत पाणी होतं. ट्रेसिंग पेपर भिजवून चोळला की त्याचा दोन मिनिटांत लगदा होतो. बाहेरून काकू म्हणाली, "तिथे काय करताय? आणि ती नळी कसली? मी माहेरी जाऊ का?" मी दार उघडलं आणि जमिनीवर बसूनच तिला सगळं सांगितलं.

तिने बादलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नऊ वर्षं या घरात काहीतरी आहे हे मला कळत होतं. मी समजत होते तुमचं पोट बिघडतं." मग पाणी ओतून दिलं. "उठा. फरशी ओली आहे."

आज सकाळी ग्रंथपाल बाईंकडे गेलो. त्याही आता निवृत्त. खुर्चीत बसून जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत असतात. मला वाटलं, आधी त्यांना सांगून बघावं, जीभ उचलते का. उचलली. त्या डिंकाचं बोट वर धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे पाकिटाला काही झालं नव्हतं?"

"नाही बाई. पाकीट अगदी तसंच होतं."

"मी ते पाकीट घरी जाताना पर्समध्ये घालून न्यायचे, माहितीये? रात्री उशाखाली. आमचे हे म्हणायचे, कुणाचं प्रेमपत्र आहे? आणि तुम्ही खिडकीत उभं राहून..." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "आणि ती पोर माझ्याकडे येऊन रडली होती हो. मला विचारत होती, बाई, पाकीट कुणी हाताळलं होतं का? मी तिच्यावर केवढी ओरडले. माझ्यावर संशय घेतेस म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. आणखी किती जणांकडे गेली होतीस, खारू?

माझ्या दादाकडे, तुझ्या वडिलांकडे, गेली होतीस, ते माहीत आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. माझा एक लेख त्याने तपासल्याशिवाय सोडला नाही. अर्थ कळायचा नाही, पण विरामचिन्हं कळायची. तो लेखसुद्धा त्याने वाचला. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. त्यात तिसरी चूक होती ती त्याला दिसण्यासारखी नव्हती, आणि ज्याला दिसत होती तो समोर बसून चहा पीत होता. तो तुला म्हणाला, काकाची माफी माग, मग माझ्याशी बोल. तू माफी मागितलीस. तरी तो बोलला नाही, कारण तू ती मनापासून मागितली नव्हतीस हे त्याला ओळखू आलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा तू आलीस, दाराजवळ बसलीस, आणि कुणाशी न बोलता परतलीस. मी चार हातांवर होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

अठराला उघडेन असं आज वाटतंय. अजून तेरा दिवस आहेत, आणि मी कसा आहे ते तुला आता ठाऊक झालं आहे. म्हणूनच हे पत्र आधी पेटीत टाकतो. एकदा ते तुझ्या हातात पडलं की मला मागे फिरता येणार नाही.

काका


२३ मार्च

प्रिय खारू,

सांगितलं.

मॅडमनी सुरुवातीला दंतकथा सांगितलीच. मुलं कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी उठलो, नळी उघडली आणि म्हटलं, "डाव्या खिडकीचा पडदा जरा सारा." दोन्ही कागद काचेवर धरले. एकट्याला जमेना, म्हणून पुढच्या बाकावरच्या एका मुलीने उठून खालचा कागद धरला. मी वरचा सरकवला. उंचवटे बसले तसा मागच्या बाकांवरून "वा!" असा आवाज आला. मग मी म्हटलं, "आता कोपऱ्यातली तारीख वाच, बाळ." तिने मोठ्याने वाचली. ज्यांना पद्धत माहीत होती त्यांना तेवढ्यात कळलं. बाकीच्यांना मी सांगितलं: तुझा प्रश्न, तुझ्याच शब्दांत, आणि त्याचं खरं उत्तर.

अशा वेळी काय होईल याची मी पुष्कळ चित्रं रंगवली होती. प्रत्यक्षात एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "सर, एकतीस की साडेएकतीस?" त्याला शेजारच्याने कोपर मारलं. मला मात्र तो मुलगा फार आवडला.

दाढीवाल्याने (आता दाढीच नाही त्याला, तरी सगळे तेच म्हणतात) मान वर केली नाही. शेवटी जिन्यात मला गाठलं. "मी तिला त्या संध्याकाळी समजावलं होतं. तासभर. म्हटलं, पोरी, तू चुकतेस, हा माणूस असा नाही. मी समजावलं होतं रे तिला!" पन्नास वर्षांच्या ओळखीत तो मला पहिल्यांदा अरे म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी आला, आणि दोघांनी मिळून मासिकाला पत्र लिहिलं: हा लेख मागे घेत आहोत, कारण असं असं, आणि घोळक्याची सूचना वेळेत, लेखी, अमुक व्यक्तीने केली होती, ती डावलली गेली. तुझं टिपण सोबत जोडलं. माझी लाल पेन्सिल खोडायची का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, तीही पुराव्याचीच आहे.

मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खोलीत आल्या, उभ्याच राहिल्या. "सर, पुढच्या कामात तुम्ही नसाल."

"नसेनच."

"त्या येतील का? नाव त्यांचं पहिलं राहील."

"मी सांगणारा कोण? पत्ता देतो."

पत्ता दिला आहे. त्या लिहितील. हो म्हणायचं की नाही ते तुझं. माझं नाव मध्ये घालू नकोस, कुठल्याही बाजूने.

काल वहिनींकडे गेलो. काकू बरोबर होती, पण जिन्याच्या खालीच थांबली. म्हणाली, "हे तुमचं तुम्ही करा." तुझी आई इस्त्री करत होती. मी सांगत राहिलो आणि ती करत राहिली. एकच उशीचा अभ्रा, उलटा, सुलटा, परत उलटा. मी थांबलो तेव्हा तिने इस्त्री उभी केली.

"भाऊजी, तुम्ही दर रविवारी येत होतात."

"हो."

"याच खुर्चीत बसायचात. तिचा फोन आला की हे उचलायचे आणि न बोलता माझ्या हातात द्यायचे. तुमच्या देखत. सहा वर्षं."

"हो, वहिनी."

"शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, ती असं का बोलली असेल गं? आपली पोर उगाच बोलणारी नव्हती. मी म्हटलं, आता कशाला तो विषय." तिने अभ्र्याची घडी घातली. "मला काय सांगता हे? त्यांना सांगायचं होतंत."

तिने जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. उठलो तेव्हा म्हणाली, "तिला मी फोन करते. तुमच्यासाठी नाही."

खोली रिकामी झाली. फळा मी पुसला नाही.

काका


१४ एप्रिल

प्रिय खारू,

तू आली होतीस हे मला काल कळलं. चार दिवस राहिलीस, आणि माझ्या दाराला हात न लावता गेलीस. बरोबर केलंस. काकूला थोडं लागलं, पण तिने लगेच तुझीच बाजू घेतली. म्हणाली, "मी असते तर आठ दिवस राहिले असते आणि आलेच नसते." याचा हिशोब मला नीट लागला नाही, पण भावना पोचली.

मॅडमना तू होकार कळवलास हेही समजलं. एक अट घातलीस म्हणे, की या वेळी नोंदींच्या वहीला खरं कुलूप हवं. त्यांनी लावलं. नवा आकडा यायला दोन वर्षं तरी लागतील. मोजमापांच्या जागतिक यादीत आपली ओळ होती तिथे सध्या मोकळी जागा आहे. मी ती परवा पाहिली. वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल वहिनींनी स्वतः फोन केला, तीन वर्षांत पहिल्यांदा. कुशल विचारलं नाही, एकदम सुरू केलं. म्हणाल्या, तू पहिल्या दिवशी जेवलीस, हात धुतलेस, पर्समधून माझं पाच मार्चचं पत्र काढलंस आणि दादाच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलंस. त्यांना वाटलं, रडायला गेली. जरा वेळाने आतून आवाज यायला लागला. तू मोठ्याने वाचत होतीस.

छापखान्यातून दादा मुद्रितं घरी आणायचा तेव्हा तू सात-आठ वर्षांची असशील. तो खुर्चीत बसून छापलेलं तपासायचा आणि तू जमिनीवर बसून मूळ प्रत वाचून दाखवायचीस, त्या लोकांची रीत असते तशी, प्रत्येक चिन्हाचं नाव घेऊन; एकही टिंब गळू नये म्हणून. मी दारात उभा राहून कितीदा ते ऐकलं आहे. कुठल्याही कवितेपेक्षा गोड वाटायचं. तो मध्ये "हं" म्हणायचा आणि तू पुढे जायचीस.

वहिनी म्हणाल्या, तस्संच वाचत होतीस. पुन्हा शाळेत जाईन असं मी लिहिलंय तेही, बादली, नळी, काकूचं माहेर, सगळं. काही गाळलं नाहीस. मला सोयीचं होतं तेही नाही, मला झोंबेल तेही नाही. अर्धा तास लागला. त्या हातातलं काम टाकून दाराशी उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "वहिनी, मध्ये कुठे थांबली का ती?"

त्या म्हणाल्या, "एकदाच. एक ओळ वाचली आणि गप्प झाली. खुर्चीकडे बघत असेल, मला दिसत नव्हतं. मग तीच ओळ परत वाचली, सावकाश, हे चष्मा पुसत असले की वाचायची तशी."

"कुठली ओळ?"

"मी पाहिलं होतं, पूर्णविराम."

काका